गरुडघंटीचे तीन टोले

मित्रांनो, माझ्या दांड्यावर एक गरुड बसला आहे आणि त्याचा एक पंख वाकडा आहे. तो जन्मापासून तसा नव्हता. शोभाताईंचा रजत सात वर्षांचा असताना त्याने मला उलटी धरून अक्रोड फोडला होता. तर मी ती, देवघरातली जुनी पितळी घंटी. भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ओतलं, घासलं, कानाशी धरून वाजवलं आणि "जमली" म्हणून बाजूला ठेवलं. शोभाताईंच्या रुखवतात बसून मी नागपूरला आले.

पुढची चाळीस वर्षं मी दोन्ही वेळा वाजले. बेसा भागातल्या सोसायटीत राहायला आल्यावर मला शेजारून साथही मिळाली. समोरच्या मनोहररावांनी जन्मभर जर्मन शिकवलं होतं. दिवेलागणीला ते रेकॉर्ड प्लेअरवर संगीतिका लावत, म्हणजे परदेशातली संगीत नाटकं, ज्यांत माणसं भांडतातसुद्धा गाऊन. जर्मन नाटक-कादंबऱ्यांवरून रचलेल्या संगीतिकांवर त्यांचा विशेष जीव. शोभाताई वाती वळता वळता खिडकीतून ऐकायच्या आणि व्रताची कहाणी ऐकावी तशी भक्तीने त्यांच्याकडून गोष्ट समजून घ्यायच्या. एका पंडिताने सैतानाला आत्मा विकला हे ऐकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "काहून? घरी कोणी समजावणारं नव्हतं का त्याले?"

मग सूनबाई कामिनीने विजेवर चालणारं आरतीचं यंत्र भिंतीवर बसवून घेतलं. बटण दाबलं की ढोल, झांजा, घंटा, सगळं आपोआप. मी फडताळात गेले, उदबत्तीच्या रिकाम्या डब्यांशेजारी, आणि हळूहळू हिरवी पडले. मला राग नव्हता हो. पण आरती संपून प्रसाद वाटून झाला तरी ते यंत्र आपलं बडवतच राही, तेव्हा थोडं बरं वाटे.

अशात मनोहरराव मुलीकडे कायमचे राहायला निघाले. तिच्या घरात प्लेअरला जागा नव्हती. त्यांनी जाहीर केलं, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर संगीतिकांची कोडी घालीन. जी जोडी जिंकेल तिला प्लेअर आणि सगळ्या रेकॉर्ड. दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलने तर आधीच सांगून ठेवलं, की प्लेअर दिवाणखान्यात शोभेला ठेवणार आणि रेकॉर्ड कापून भिंतीवरची घड्याळं करणार. ते ऐकून शोभाताईंनी कधी नव्हे ते स्पर्धेत नाव दिलं.

आणि मग कॅलेंडर पाहिलं. पंधरा ऑगस्ट, श्रावणी सोमवार. त्या दिवशी दिवा लागेपर्यंत त्यांचं मौन असे. सतरावं वर्ष होतं. लिहूनही बोलायचं नाही, असा त्यांचा नेम.

"आई, एक सोमवार सोडा नं," कामिनी म्हणाली. "महादेवाले समजत नाही का?"

"त्यालेच तर समजते वं," शोभाताई हळूच म्हणाल्या.

मग ठरलं, की खुणा सासूने करायच्या आणि बोलायचं सुनेने. उत्तर येणाऱ्याने आधी घंटी वाजवायची होती. सुशीलने सीताबर्डीहून बॅटरीची बेल आणली. कामिनीचं यंत्र भिंतीतून निघेना, म्हणून तिने मला बाहेर काढलं आणि चिंच लावून घासलं. किती वर्षांनी उजेड पाहिला मी!

पहिली दोन कोडी आम्ही जिंकलो. पोराच्या डोक्यावरचं सफरचंद बापाने बाणाने उडवलं, हे शोभाताईंनी असं करून दाखवलं की पुढच्या रांगेने डोकी खाली घातली. कामिनीला जोर चढला. तिसरं कोडं होतं, जर्मन कादंबरीतला तो दुःखी प्रेमिक संगीतिकेत कोणत्या सणाला प्राण सोडतो? शोभाताईंनी केक कापल्याची खूण केली.

"वाढदिवस," कामिनी म्हणाली.

कोणाचा, असं मनोहररावांनी विचारलं. शोभाताईंनी क्रूसासारखे दोन्ही हात पसरले.

"विमानाचा?"

सुशीलने शांतपणे नाताळ सांगितलं. चौथंही त्यानेच मारलं. दोन-दोन झाले आणि एकच कोडं उरलं.

मनोहररावांनी चष्मा पुसला. पंडित आणि सैतानाच्या गोष्टीत, ते म्हणाले, शेवटी तुरुंगातली नायिका देवदूतांना हाक मारते. चाल तीच, पण दर वेळी सूर एक पायरी वर. किती वेळा?

सुशीलचं बोट बेलवर घुटमळलं. कामिनीने अंदाजाने तोंड उघडलं, तर शोभाताईंनी एका हाताने तिचं तोंड धरलं आणि दुसऱ्या हाताने मला उचललं. एकदा छातीशी वाजवलं. एकदा कपाळाशी. मग टाचा उंचावून, हात पूर्ण वर नेऊन, एकदा. त्या तिसऱ्या टोल्याला माझा लोलक निखळतो की काय, असं वाटलं मला.

"काकू, घंटी एकदाच वाजवायची असते," सुशील म्हणाला. "आरती नाही चालू इथं. बाद करा यांले."

लोक हसले. मनोहरराव मात्र उठून उभे राहिले.

"तिथंच तर उत्तर आहे गा," ते म्हणाले. "तीन वेळा. अन् दर वेळी वर."

आता प्लेअर शोभाताईंच्या खिडकीत आहे. यंत्राचं बटण कामिनीच दाबत नाही. संध्याकाळी आधी मी वाजते, मग रेकॉर्ड. त्या वेळी मनोहररावांचा फोन येतो; ते बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. रेकॉर्डमध्ये सैतान गडगडाटी हसला की शोभाताई मला उचलून दोनदा दटावून वाजवतात. तो लगेच गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

मित्रांनो, तुमच्याही फडताळात कोणी हिरवं पडलं असेल, तर त्याला शोभेला मांडू नका, कामाला लावा. आणि अक्रोड फोडायला प्रत्येक घरात बत्ता असतो, तेवढं ध्यानात ठेवा.