बारक्याच्या पुढचा जाड तंगूस

मित्रांनो, मी जुना आहे आणि जाडही आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी एक तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. कुठल्याशा कारखान्यात एका तापलेल्या भोकातून मला ओढून काढलं. तो चटका सोडला तर तिथलं काही आठवत नाही. पुढचं सारं आयुष्य गेलं ते मोरोक्कोतल्या मिरलेफ्तच्या किनाऱ्यावर, गळाने मासे धरणाऱ्या बिहीच्या रिळावर.

माझी ताकद त्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होती. मी खडकात अडकलो की बिही मला हाताला गुंडाळून ओढायचा आणि म्हणायचा, "हा नाही तुटायचा. तुटला तर माझा हातच तुटेल." हे ऐकलं की मी फुगायचो. एवढ्याशा कौतुकावर मी कितीतरी हिवाळे काढले.

मग एका वादळात पाण्याखालचा वाळूचा बांध किनाऱ्यापासून लांब, आत समुद्रात सरकला. मोठे कोर्बिन मासे आता त्या बांधापलीकडून जाऊ लागले आणि तिथवर माझी धाव पोचेना. माझं जाड अंग वाऱ्याला अडायचं, रिळाच्या काठाला घासायचं. त्यात बिही माझ्या टोकाला तीन तीन गळ बांधायचा. तेही हवेत फडफडायचे.

त्याच सुमारास बिहीची मुलगी माहेरी बाळंत झाली. आनंदाच्या भरात बिही जावयासमोर बोलून बसला, "नातीच्या बारशाला मातीच्या भांड्यात ताजीन शिजेल ती मी धरलेल्या माशाची. बाजारचा मासा या घरात येणार नाही!"

"बोलायला काय जातंय!" त्याची बायको इज्जा म्हणाली. "साधं सार्डिनचं शेपूट तरी आणलंत का इतक्यात? जावई काय शब्द चाटून जेवणार आहेत?"

बिहीच्या ते फार जिव्हारी लागलं. तो तडक बाजारात गेला आणि एक नवा तंगूस घेऊन आला. केसासारखा बारीक, गुळगुळीत, चकाकणारा. मी त्याचं नाव बारक्या ठेवलं. बिहीने मला रिळावरून उतरवलं आणि माझ्या जागी त्याला काठोकाठ भरलं. मला अंगणात दोन खिळ्यांना बांधलं आणि इज्जाने माझ्यावर बाळाचे लंगोट वाळत घातले. मित्रांनो, मी जळत होतो. ओले लंगोट अंगावर असूनही जळत होतो!

दुसऱ्याच दिवशी बिहीचा शेजारी हम्मू अंगणात तणतणत आला. त्याच्या हातात चेपलेली चहाची किटली होती आणि मागून बिही मान खाली घालून येत होता.

"बघा वहिनी, बघा! किटलीच्या जागी माझं डोकं असतं तर? एवढं जड शिसं यांनी त्या केसाला बांधलं आणि जोर लावून फेकलं. दोरी तुटली, शिसं सुटलं!"

बारक्या तुटला! मला इतका आनंद झाला की अंगावरचे लंगोट हलले.

"अरे, मग लांब फेकायचं कसं?" बिही कुरकुरला. "जाड घेतली तर पोचत नाही, बारीक घेतली तर टिकत नाही. उद्यावर बारसं आलंय."

"दोन्ही घे की!" हम्मू म्हणाला. "पुढे थोडी जाड दोरी लाव. फेकताना झटका तिने खायचा, मागून लांब जायचं बारीक दोरीने. आणि ते तीन गळ काढ बाबा, काय झेंडावंदन आहे का? एकच ठेव. आमिष शिशामागच्या आकड्यात अडकव, म्हणजे फडफडणार नाही. पाण्यावर आपटलं की आपोआप सुटेल."

बिहीने माझ्याकडे पाहिलं. लंगोट खाली काढले, माझा काही हात लांबीचा तुकडा कापला आणि बारक्याला जोडला. ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, त्याच्याच गळ्यात माझा गळा!

संध्याकाळी, भरतीच्या पाण्यात उभं राहून बिहीने काठी मागे नेली आणि सगळा जीव लावून गळ फेकला. तो झटका माझ्या अंगावर आला. हाडं असती तर मोडली असती. पण मी टिकलो, गाठ टिकली, आणि मागून बारक्या रिळावरून सळसळत सुटला. मी बांध ओलांडला. पलीकडचं पाणी मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. थोड्याच वेळात काठी कमानीसारखी वाकली.

"घाई करू नकोस, दमव त्याला!" हम्मू ओरडत होता.

बारशाच्या ताजिनीत कोर्बिन शिजला. जावयाने बोटं चाटली. इज्जाने बिहीला दुसऱ्यांदा वाढलं. आणि हम्मू सगळ्यांना सांगत सुटला, "काय लांब गेला नवा तंगूस!" नवा! माझं नाव कुणी काढलं नाही. मी पुन्हा जळलो.

जेवणानंतर बिहीने माझ्यावर नख फिरवलं. माशाच्या दाताने मी टोकाला खरखरीत झालो होतो. तेवढा वीतभर भाग त्याने कापला. तो टाकणार, इतक्यात इज्जाने तो मागून घेतला, त्यात दृष्टीचा निळा मणी ओवला आणि पाळण्यावर बांधला. "हा नाही तुटायचा," ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीही दोरीवर नख फिरवत जा. झिजली असेल तर कापा, पण वाळूत फेकू नका. पाखरांचे पाय त्यात अडकतात.

रिळावर गाठीपाशी बारक्या मला रोज विचारतो, "पोरगी मणी मुठीत धरते का रे? हसते का?"

पाळण्यावरच्या वीतभर तुकड्यातून मला सगळं दिसतं, पण मी त्याला काहीएक सांगत नाही.