आपल्या पायांनी

रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या गुणवंतीच्या अंगातली रोगप्रतिकारशक्ती तिच्याच स्नायूंवर उलटली होती. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती उभी राहिली, पण तोंड सुजलं. बायका हसल्या, म्हणून तिने परस्पर गोळ्या बंद केल्या. मग दुखणं असं परतलं, की नवऱ्याने तिला उचलून दवाखान्यात नेलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि पुढे डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी करत आणला. एका सकाळी सुरमईची पाटी डोक्यावर घेताना तिचे हात खांद्याच्या वर जाईनात. तिने पाटी शेजारणीकडे सोपवली आणि तडक दवाखाना गाठला.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "दुखणं परतलंय, गोळ्या वाढवाव्या लागतील. पण तुम्ही फार लवकर ओळखलंत."

"म्हणजे तोंड पुन्हा सुजणार," तिच्यामागून धावत आलेला नवरा पुटपुटला.

"सुजू दे. हात तर चालतील!" गुणवंती म्हणाली.

दोन-तीन महिन्यांत हात खरोखरच चालू लागले. बाजारात एकीने हटकलंच, "तोंड केवढं सुजलंय गो!"

"गोळ्यांनी सुजलंय. दुखणं मीच ओळखलं आणि आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेले," ताठ मानेने सांगत गुणवंतीने सुरमईवर कोयती चालवली.