लागू नसेल ते खोडा

“आण्णा, तुमचा रक्तगट कंचा?” तेजस्वीनं विचारलं, आणि आकारामचा घास हातातच राहिला.

“का गं?”

“वहीत लिवायचाय. आईचा ओ हाय, ते म्हाईत हाय मला.”

“आठवत न्हाय.”

दरवर्षी शिबिरात रक्त देणारा माणूस, आणि रक्तगट आठवत नाही! खोटं निदान पटेल असं तरी बोलावं, पण आकारामला ते कधी जमलंच नाही.

पोरगी बाहेर गेल्यावर तो बायकोवर घसरला. “तूच काय बोलली न्हाईस न्हवं?”

“अठरा वर्सं न्हाय बोलले, आता बोलीन व्हय?” क्रांती म्हणाली. “तुमचंच कार्ड लोंबतंय बगा भिताडावर.”

रक्तदात्याचं, ठळक ‘ओ’ छापलेलं ते कार्ड त्यानं खिळ्यावरून काढलं आणि आपल्या रजिस्टरात दडवलं. बारा वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मुरगूडच्या आसपास पाच गावांत आकाराम गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करी. कुठलं रेडकू कुठल्या रेड्याचं, हे तो रजिस्टर न उघडता सांगे. ‘खाण तशी माती’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. लहानपणी तेजस्वी मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून हे सगळं ऐकत हिंडायची. आता बारावी झाल्यावर तिनं भिंतीवर कागद चिकटवला होता: कोल्हापुरात बी.एस्सी., मग प्रवेश परीक्षा, जेनेटिक्समध्ये एम.एस्सी., पुढं पीएच.डी.

जगात शंभर शिक्षणं असताना हेच का? कुणीतरी कान भरले असणार. त्याला मामेसासऱ्यांचा संशय आला, कॉलेजच्या बाईंचाही आला. क्रांतीची मामेबहीण बाळंतपणात गेली; तिची ही बारा दिवसांची पोर त्यानं घरी आणली, तेव्हा गावसुद्धा बदललं होतं. पोरगी हातची जाईल, ही एकच भीती त्याला होती.

सकाळी त्यानं आडून विचारलं, “त्या शिक्षणात सोताचं रक्त तपासत्यात म्हणं?”

“बारावीच्या प्रॅक्टिकललाच तपासलं की. माझा ‘बी’ गट आला.”

“मशीन चुकतंय कवा कवा.”

“मशीन न्हवतं, आण्णा. काचंवर थेंब हुता. तीनदा केलं.”

आईबाप दोघंही ‘ओ’ असले, तर पोर ‘बी’ गटाची होत नाही, हे तिला कळलं होतं.

“मग काल इचारलंस कशाला?”

“वाटलं, आता तरी सांगशीला.”

त्यानं रजिस्टर जवळ ओढलं. त्याकडं बघत तेजस्वी म्हणाली, “म्हशीनं दुसरीचं रेडकू लावून घेतलं, तर रजिस्टरात कुठं लिवताय?”

“त्येला रकाना न्हाय.”

“मग रेडकू कुणाचं?”

“पाजती तिचं,” आकाराम हळू म्हणाला.

तिनं कॉलेजचा अर्ज पुढं सरकवला. सहीच्या जागी ‘वडील / पालक’ छापलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘लागू नसेल ते खोडा’. आकारामनं पेन उचललं. सरकारी कागदावर खोटं नको, म्हणून त्यानं टोक ‘वडील’वर टेकवलं.

तेजस्वीनं पेन काढून घेतलं. ‘पालक’वर सरळ रेघ ओढली आणि पेन परत त्याच्या हातात दिलं.

“करा सही,” ती म्हणाली. “आनि ते कार्ड खिळ्याला लावा परत.”