बेल दिल्याशिवाय

आमच्या चाकाच्या खुर्चीचा कायदा साधा आहे. मागच्या दांडीवर मी दोनदा टकटक केलं की ब्रेक काढायचा, एकदा केलं की लावायचा. ढकलायचं मी, ब्रेक ह्यांच्याकडे. आमचे हे बसवर ड्रायव्हर होते आणि मी त्याच गाडीवर कंडक्टर. घरात कितीही भांडण झालेलं असो, एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे चल, एवढं बोलणं आमच्यात कधी बंद पडलं नाही. रस्ता मोकळा असो, मागचे हॉर्न मारून मारून थकोत, माझी डबल बेल आल्याशिवाय हा माणूस गाडी इंचभर हलवायचा नाही.

मुलाला हे सगळं ठाऊक आहे, पण त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही. तो इकडे परदेशात नोकरीला. त्याने आम्हाला बोलावून घेतलं आणि संग्रहालयांचा सपाटाच लावला. त्याचं म्हणणं, इथे सगळीकडे उतार असतात, लिफ्ट असते, बाबांचं कुठेच अडणार नाही. ते खरंच होतं. दारातली गणवेशातली माणसं आम्हाला रांग सोडून आत घ्यायची. पहिल्या दिवशी मला अगदी चोरट्यासारखं वाटलं. मी जन्मभर लोकांना रांगेत उभं करून गाडीत चढवलं, आणि आता मीच मध्ये घुसत होते. मग मेली त्याचीही सवय झाली.

अडलं ते दुसरीकडेच. मुलगा बेल न देता ढकलायचा आणि हे ब्रेक लावून बसायचे. खुर्ची जागच्या जागी हिसका खायची आणि मुलाचं पोट दांडीवर आपटायचं. चित्रांच्या संग्रहालयात तर माझ्याच हातून घोळ झाला. खुर्ची ढकलता ढकलता मी एका चित्राकडे बघत होते, तेवढ्यात माझं बोट दांडीवर आपटलं, एकदाच. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या एका जाडजूड गृहस्थाने माझ्या पाठीत धडक दिली, आणि वर तोच बिचारा माफी मागत राहिला. हे मात्र समोर बघत ढिम्म.

खरी गोष्ट अशी, की माझा उजवा खांदा कामातून गेलाय. डॉक्टरांनी ह्यांना केव्हाच सांगितलंय, हात धडधाकट आहेत, चाकं स्वतः फिरवत जा. पाय गेले, हात कुठे गेलेत? पण नाही. चाकाला हात लावायचाच नाही. का, ते सांगायचंही नाही. मी समजावलं, रागावले, अबोला धरला. एकदा तर खुर्ची अंगणात सोडून शेजारणीकडे जाऊन बसले. हे तिथेच उन्हात बसून राहिले. शेवटी दया मलाच आली, दुसऱ्या कुणाला येणार?

आता मुलाने निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. परत गेलो की आईच्या खांद्याचं ऑपरेशन, आणि बाबांना हलवायला कायमचा एक माणूस. हे ऐकून ह्यांचं तोंड एवढंसं झालं. परका माणूस कसली बेल देतोय? सामान सरकवावं तसं ह्यांना सरकवणार. मलाही तो घरात नको होता, पण खांदा वर जाईना, तिथे मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

जुन्या गाड्यांचं संग्रहालय मुलाने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मोठी शेड, वर पत्रे, खाली सिमेंटची गुळगुळीत जमीन. दारातच ऑइलचा वास आला आणि ह्यांनी मान वर केली. बंब, ट्रक, मालगाड्या सोडून आम्ही थेट बसपाशी गेलो. बस अगदी आमची नव्हे, पण जातकुळी तीच. ड्रायव्हरची केबिन पुढे वेगळी, आणि मागे छताला लागून बेलची दोरी. ह्यांनी खुर्ची केबिनच्या दाराशी लावायला सांगितली. बराच वेळ ते आतल्या क्लचकडे बघत होते. मग मुलाला म्हणाले, मला वर बसायचंय, विचार.

मुलाने विचारलं. तिथल्या बाई भल्या होत्या, पण केबिन सगळ्यांनाच बंद होती. मागचा भाग उघडा आहे म्हणाल्या. त्यांनी फळी लावून ह्यांना प्रवाशांच्या सीटवर बसवायची तयारीही दाखवली. मुलगा खूश झाला.

“मी मागे बसत नाही,” हे म्हणाले.

मुलगा वैतागून बाजूला गेला. गाडीत चढलेली पोरं दोरी ओढत होती, एक, तीन, पाच, काही ताळतंत्र नाही. दर खेपेला ह्यांच्या कपाळाला आठी पडत होती. मी म्हटलं, अहो, एवढा हट्ट कशासाठी? बसायचं तर मागे बसा, नाहीतर निघू या.

“त्या दिवशीची तुझी बेल तशीच राहिली,” ते म्हणाले. “तू डबल दिलीस आणि मी गाडी काढली नाही. ती काढल्याशिवाय दुसरं चाक कसं फिरवू?”

त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. एका स्टॉपवर माणसं चढली, मी डबल बेल दिली, गाडी हलली नाही. पुन्हा दिली. तेव्हा केबिनमधून आवाज आला, पाय क्लचवर उचलत नाहीये. मणक्याचं दुखणं बरेच दिवस अंगावर काढलेलं, ते तिथे उलटलं. ह्यांना चौघांनी उचलून खाली उतरवलं. गाडी दुसरा ड्रायव्हर घेऊन गेला. त्याला बेल दुसऱ्याच कंडक्टरने दिली, मी ह्यांच्याबरोबर दवाखान्यात होते.

मला रडूही आलं आणि संतापही आला. माझा खांदा झिजून गेला आणि कारण काय, तर हे! माणसाने तोंडाने सांगावं तरी. पण रस्त्यात भांडायची आमची पद्धत नाही. मी मागे गेले आणि गाडीत चढले.

“चला, पुढे सरका,” मी पोरांना मराठीतच म्हणाले. पोरं मुकाट्याने सरकली.

सवयीने पायरीकडे बघून घेतलं, कुणी लटकत नाही ना. मग हात वर केला. खांद्यातून कळ निघाली, पण हात दोरीपर्यंत गेला. माझी डबल बेल पहिल्यापासून तशीच, दोन्ही ठोके लागोपाठ, दुसरा जरा आखूड. पुढे केबिनमध्ये घंटा वाजली.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ह्यांनी आधी मान वळवून मागे बघितलं, रस्त्यावर गाडी काढताना बघायचे तसं. मग ब्रेक काढला. दोन्ही हात चाकांवर गेले आणि खुर्ची हलली. पहिल्यांदा वाकडी गेली, गाड्यांभोवती आडव्या लावलेल्या दोरखंडाला घासली. मुलगा धावत दांडी धरायला आला.

“हात लावू नकोस,” मी वरून ओरडले.

खुर्ची सरळ झाली. बंबाच्या पुढून, ट्रकच्या कडेने हे शेडच्या पार दुसऱ्या टोकाकडे निघाले. मुलगा मला खालून विचारत होता, आई, त्यांना थांबवायचं का? दोरी अजून माझ्या हातात होती. एक बेल दिली असती तर जिथे होते तिथे थांबले असते. मी ती दिली नाही.