डाळिंबाचा थर्मास आणि अर्धा पियाला

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. पोट काचेचं, अंगरखा पत्र्याचा आणि डोक्यावर बूच. ताश्कंदमधल्या एका अंगणाच्या घरात माझा मुक्काम असतो. सध्या कसं काय चाललंय असं कोणी विचारलं, तर मी म्हणेन, झकास. पण मधे एक काळ असा आला होता, की कोठीतले कांदेसुद्धा मला भीक घालत नव्हते. तिथून मी परत कसा आलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका माणसाने लालबुंद काचेत फुंकर मारली आणि माझं पोट तयार झालं. त्यावर दुसरं काचेचं पोट बसवलं, चांदीसारखा मुलामा दिला आणि दोन्हींच्या मधली हवा काढून घेतली. माझी सगळी अक्कल त्या रिकाम्या जागेत आहे. माझ्याबरोबरच्या सगळ्या थर्मासांवर गुलाब रंगवले होते. माझी पाळी येईपर्यंत रंगवणारी मुलगी गुलाबांना कंटाळली असावी, कारण तिने माझ्या अंगावर डाळिंबं काढली. त्यातलं एक फुटलेलं होतं, आतले दाणे दाखवणारं.

त्या फुटक्या डाळिंबाने माझं नशीब उघडलं. दुकानात एक नवं जोडपं आलं, तुर्गुन आणि मुकर्रम. तुर्गुन गुलाबवाल्या थर्मासाला हात घालत होते. मुकर्रम म्हणाली, गुलाब सगळ्यांच्या घरी आहेत, मला हा हवा. तुर्गुननी थोडी हुज्जत घातली. लग्नानंतर महिन्याभरात नवऱ्याने जेवढी घालावी तेवढीच. मग मी तिच्या कुशीत बसून घरी आलो.

तुर्गुन ट्राम चालवायचे. त्यामुळे सुट्टीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. गाडी दुसऱ्याने हाकायची आणि आपण खिडकीतून बघायचं, यालाच ते सुट्टी म्हणत. शेजाऱ्यांनी मोटारी घेतल्या, यांनी कधी नाव काढलं नाही. दर वसंतात डोंगर खसखशीच्या लाल फुलांनी भरले की आम्ही निघायचो. आधी रेल्वेने खोजाकेंतपर्यंत. मग बसने तलावाला वळसा घालत वर, थेट उगाम-चात्काल राष्ट्रीय उद्यानातल्या शेवटच्या थांब्याला. तिथे नदीकाठी एक अक्रोडाचं झाड होतं. त्याखाली सतरंजी पडायची, नान मोडली जायची, उकडलेली अंडी सोलली जायची आणि माझं बूच निघायचं. पोरं मोठी झाली, एकेक करून यायची थांबली, पण आम्ही तिघं जात राहिलो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे तिच्यावरच सगळं आलं. आमच्याकडे चहा पियाल्यात पितात. बिनकानाचा असतो, वाटीसारखा. तो कधी भरून द्यायचा नाही. ज्याचा मान मोठा त्याला कमी ओतायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा उठून द्यावं लागतं आणि माणूस बसून राहतो. काठोकाठ भरलेला पियाला हाती आला, तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. हे तोंडाने कोणी बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही. मुकर्रमच्या हातून अर्ध्याच्या वर चहा गेलेला मी तरी पाहिला नाही. धाकट्या मुलाची, उल्मासची, बायको ओयदिन घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी मुकर्रमने तिला हे शिकवलं. हसून म्हणाली, सुनेचे पाय दुखले तरी चालतील, पण पियाला भरायचा नाही.

मग एका हिवाळ्यात मुकर्रम गेली.

मित्रांनो, त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. ट्राम तर शहरातून आधीच बंद झाल्या होत्या. आता तुर्गुनचं घराबाहेर पडणंही बंद झालं. थोरल्या मुलाने, एर्किनने, तो राहतो त्या नवोई शहराहून एक चकचकीत स्टीलचा थर्मास पाठवला. पडला तरी फुटत नाही म्हणे. फुटत नाही हे खरं, पण म्हणून काय मुद्दाम पडून दाखवायचं? त्याने दाखवलं, दोनदा. माझी रवानगी कोठीत झाली, कांद्याच्या टोपलीशेजारी. पोटात चुन्याचा थर, बुचाला कांद्याचा वास. मी रडलो नाही, कारण आमच्या जातीला आतून ओलं राहणं सोसत नाही. पण वाईट वाटायचं.

कोठीच्या दाराबाहेर द्राक्षाच्या मांडवाखाली तुर्गुन आणि शेजारचे होलमत बुद्धिबळ मांडून बसायचे. एक दिवस तुर्गुनचं खेळात लक्षच नव्हतं. शेवटी त्यांनी मनातलं बाहेर काढलं. उल्मास फोनचा स्पीकर लावून थोरल्या भावाशी बोलत होता, ते त्यांनी ऐकलं होतं. एर्किन म्हणत होता, बाबांना आता आमच्याकडे पाठवून दे. आणि उल्मास म्हणाला होता, बघतो, ओयदिनशी बोलतो.

"हाकलताहेत मला," तुर्गुन म्हणाले. "या घरात तिची चूल होती. मी नवोईला जाऊन काय करू?"

होलमत जिभेने तिखट माणूस. ते म्हणाले, "आत्तापासून कशाला रडतोस? सुनेने पियाला भरून दिला की सामान बांध. तोवर खेळ, तुझा वजीर जातोय."

ते चेष्टेत म्हणाले. तुर्गुननी ते मनाला लावून घेतलं. मी आत बसून ऐकत होतो, पण मी पडलो थर्मास, समजूत कोणाची घालणार?

पुढच्याच आठवड्यात कोठीचं दार उघडलं आणि ओयदिनने मला उचललं. सोडा आणि कोमट पाणी घालून तिने मला असं खळखळून धुतलं, की माझं पोट पुन्हा आरशासारखं झालं. बुचाला तिने लिंबाची साल चोळली. मग तुर्गुनना म्हणाली, डोंगर लाल झालेत, दादाजान, उद्या आपण जाऊ. उल्मासला कामावरून सुटका नाही, आपण दोघंच. सासऱ्याला आमच्याकडे दादाजान म्हणतात. तुर्गुननी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि डाळिंबं बघून मिटलं. निरोपाची सहल असणार अशी त्यांची खात्री झाली होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

पण मित्रांनो, रेल्वे सुरू झाली आणि माणूस बदललाच की! लाकडी बाकावर, खिडकीशी, डोक्यावर चौकोनी टोपी आणि मांडीवर मी. चिरचिक नदी दिसायला लागली तसे ते बोलायला लागले. दह्याच्या खारट गोळ्या विकणारी बाई आली, तिच्याशी गप्पा झाल्या. ओयदिनने अर्धा अर्धा पियाला देत त्यांना ट्रामच्या गोष्टी सांगायला लावल्या. एकदा एक मेंढी ट्राममध्ये चढली आणि शेवटच्या थांब्याला उतरली, ती गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली आहे. ओयदिन पहिल्यांदा ऐकत होती. ती इतकी हसली, की समोरचा माणूसही हसला. बसमध्ये तुर्गुन मुद्दाम ड्रायव्हरच्या मागे बसले आणि प्रत्येक वळणाला त्याच्या ब्रेकवर मत देत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, तुम्हीच येऊन बसता का इथे? तुर्गुन म्हणाले, आज माझी सुट्टी आहे.

अक्रोडाचं झाड जागेवर होतं. सतरंजी पडली, नान मोडली. तुर्गुन मुकर्रमच्या जागेकडे पाठ करून बसले, मग वळून तिच्याकडे तोंड करून बसले. दुपार अशी निवांत गेली. परत निघायच्या सुमारास ते हात धुवायला नदीवर गेले आणि त्यांचा पाय दगडावरून घसरला. पडले नाहीत, पण गुडघ्यापर्यंत भिजले. ते पाणी बर्फाचं. वर आले ते कुडकुडत, ओठ निळे पडलेले. आणि नेमका तेव्हाच वरच्या थांब्यावरून बसचा हॉर्न वाजला. खोजाकेंतला गाडी गाठून देणारी ती शेवटची बस.

ओयदिनचा जीव खालीवर झाला. तिने एका हाताने त्यांच्या पायांवर शाल टाकली, दुसऱ्या हाताने माझं बूच काढलं आणि पियाला भरला. काठोकाठ. गरम चहा पोटात जावा, थंडी मोडावी, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"पटकन घ्या, दादाजान," ती म्हणाली. "निघायचंय."

तुर्गुननी पियाला घेतला. त्याच्याकडे बघत राहिले. चहा काठावर थरथरत होता. मग एक घोटही न घेता त्यांनी तो दगडावर ठेवला. थेंब सांडू दिला नाही, ट्रामवाल्याचा हात होता.

"एर्किनला कळव," ते म्हणाले. "रविवारी येतो म्हणावं. तुम्हाला त्रास नको."

ओयदिनला आधी काही कळेना. कसला एर्किन, कसला रविवार? मग तिची नजर दगडावरच्या पियाल्याकडे गेली. तिचा चेहरा असा उतरला, की काय सांगू. वर पुन्हा हॉर्न वाजला.

ती उठली नाही. सतरंजीवर तिने बैठक मारली, भरलेला पियाला अक्रोडाच्या मुळाशी ओतला, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसला आणि मला कलतं केलं. घोटभर चहा ओतला. उजव्या हाताने पियाला पुढे केला, डावा हात छातीवर.

त्यांनी तो घेतला. घोट संपला. तिने पुन्हा घोटभर ओतला. संपला. पुन्हा ओतला. 

"बस जाईल," शेवटी तुर्गुन म्हणाले.

"जाऊ दे."

"उल्मास ओरडेल."

"त्याच्यावर मीच ओरडणार आहे. मोठ्या भाऊजींना मी फोन आला त्याच दिवशी सांगितलं होतं, दादाजान कुठे जाणार नाहीत. तुम्हाला सांगायचं त्याच्यावर सोपवलं, तिथेच चुकलं."

 तुर्गुननी नुसता पियाला पुढे केला.

इतक्यात ड्रायव्हर स्वतःच खाली आला, धापा टाकत. बस भरलीय, लोक खोळंबलेत, तुमचं काय ते ठरवा, असं बरंच बोलला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, आणि चहा आहे तर मलाही द्या थोडा. ओयदिनने दुसरा पियाला काढला आणि त्याला चहा ओतून दिला. काठोकाठ.

ड्रायव्हरने पियाल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "समजलो," तो म्हणाला. "निघतो." चहा गटागटा संपवून तो चढणीला लागला.

आणि तुर्गुन हसले. मुकर्रम गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता टोपी पडली, डोळे पुसले, पुन्हा हसले. बसचा आवाज वळणापलीकडे विरला तरी हसतच होते.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी जेवढा पुरलो, तेवढा आयुष्यात कधी पुरलो नव्हतो. मी संपू नये म्हणून ओयदिन घोटातलाही घोट ओतत होती, आणि मी चहा निवू देत नव्हतो. जगभरातल्या सगळ्या स्टीलच्या थर्मासांनी येऊन बघावं, असं वाटत होतं. मुक्काम आम्ही गावातल्या एका म्हातारीकडे केला. सकाळच्या बसला ड्रायव्हर तोच होता. तुर्गुन त्याच्या मागेच बसले, पण ब्रेकबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी ऋणी आहे. फुंकर मारणाऱ्या त्या माणसाचा, गुलाबांना कंटाळलेल्या त्या मुलीचा, मुकर्रमचा आणि कोठीचं दार उघडणाऱ्या ओयदिनचा. तुमच्या घरात कुठे माझ्यासारखा एखादा पडून असेल, तर त्याला सोड्याने धुवा आणि बूच काढून उन्हात ठेवा. तो अजून चहा गरम ठेवतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चहा थोडा थोडा द्या. उठावं लागलं तर उठा.

वसंत पुन्हा आला आहे. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतो आहोत. ओयदिनने मला धुऊन खिडकीत पालथं ठेवलं आहे, आणि तुर्गुन दोनदा येऊन विचारून गेले, बूच कुठे ठेवलंय म्हणून.