आधी कोणी उठायचं

अड्याळजवळच्या त्या गावात मंडईची जत्रा म्हणजे दिवाळीच्याही वरचा सण. घरोघरी पाहुणे, चुलीवर रस्सा, आणि वरच्या मोहल्ल्याचा भोंगा खालच्या मोहल्ल्याच्या भोंग्याशी सकाळपासून भांडत बसलेला. सत्यभामाबाईला त्याचं एरवी काही वाटत नसे. पण यंदा नेमक्या त्याच दुपारी सणाला घरी आलेल्या लेकीची, रुचिताची, मुलाखत होती, लॅपटॉपवर.

रुचिता दिल्लीला आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करत होती. देशादेशांची भांडणं कशी मिटवायची ते पोरगी शिकते, असं सत्यभामाबाई बायकांना कौतुकानं सांगे. बायका ऐकून घेत आणि विचारत, मग लग्न कधी? आजची मुलाखत जमली तर एक सत्र जिनिव्हात शिकायला मिळणार होतं. हुकली तर हुकली.

रुचिताचे बाबा, तेजराम, दोन्हीकडे हात जोडून आले होते. वरच्या मोहल्ल्याचा इश्वर म्हणाला, पोरगी आपलीच आहे, बंद करतो, पण आधी भुपेंद्रचा होऊ द्या. खालच्या मोहल्ल्याच्या भुपेंद्रनं तेच उलटं ऐकवलं. आधी बंद करील तो हरला, एवढा साधा हिशेब.

लाखोरीच्या डाळीचे वडे थापता थापता रुचिताचा हात थांबला.

“आई, मंडईचं जेवण कोनी नाही म्हनते का?”

“नाही म्हनून जाईन कुठं? मंग वर्षभर तोंड दाखवता येते का?”

“तं दोघाईले एकाच टायमाले बलाव. भोंगेवाल्यासकट.”

बलावलं. अंगणात समोरासमोर दोन्ही मोहल्ल्यांच्या दोन पंगती मांडल्या. मान कोणाचा आधी, हा प्रश्न नको म्हणून रुचितानं दोन वाढपी ठेवले, दोघांनी एकाच वेळी वाढायला घ्यायचं. भोंग्यांजवळ कोणी उरलंच नाही, तेव्हा ते आपोआप गप्प झाले. आतल्या खोलीत पोरीचं इंग्रजी सुरू झालं आणि सत्यभामाबाईचा जीव भांड्यात पडला.

पडला खरा, पण मुलाखत लांबली. पोटं भरली. इश्वरनं ढेकर दिली, भोंगेवाल्याकडे नजर टाकली, हात धुवायला पाणी मागितलं. सत्यभामाबाईनं तांब्या काही हलवला नाही. वड्यांची परात घेऊन ती त्याच्यासमोर वाकली आणि हळूच म्हणाली, “इश्वरभाऊ, वरच्या मोहल्ल्याचा हात लवकर आखडला वाटते. खालचे तं आत्ता रंगात येऊन राहिले.”

इश्वरनं पाणी नको म्हटलं. वडे घेतले. ते पाहून भुपेंद्रनं घेतले. मग दोन्ही पंगती अशा जेवल्या, की कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. अंगणात नुसता रस्सा ओरपल्याचा आवाज.

रुचिता दारात आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. सत्यभामाबाईच्या हातातली परात कलली.

“शेवटी त्यांनी विचारलं, कधी दोन पक्षांत समेट घडवला का,” पोर म्हणाली. “म्या लॅपटॉप उचलला अन् खिडकीतून अंगण दाखवलं. हासले सारे. फेब्रुवारीत निघाची तयारी ठेव म्हनाले, आई.”

बातमी पंगतभर फिरली. आता उठायला हरकत नव्हती, पण आधी कोण उठणार? शिवाय पोटांमुळे उठवतही नव्हतं. शेवटी इश्वरनं समोर हात पुढे केला. भुपेंद्रनं तो धरला. एकमेकांना ओढत, कण्हत, दोघं बरोबरच उभे राहिले.

हात धुतले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवले, आणि पान खाऊन होतं न होतं तोच दोन्ही भोंगे एकदम सुरू झाले.

“वाजू द्या,” सत्यभामाबाई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा स्वतःचं ताट वाढून घेतलं.