माझ्या नावची वजाबाकी

मित्रांनो, माझ्या पोटात खाऊ शोधू नका. तिथे कोळशाचा चुरा आहे. मी प्रयोगशाळेतला एक जुना पोलादी डबा आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे.

कोळसा दिसायला घट्ट, पण आतून बारीक बारीक छिद्रांचा असतो. त्या छिद्रांत मिथेन वायू दडून बसतो. खाणीत कोळसा फोडला की तो बाहेर पडतो, आणि मग एक ठिणगीही पुरते. म्हणून खोदण्याआधीच अंदाज बांधावा लागतो, की या कोळशात वायू मावेल तरी किती? त्यासाठी मी. चुरा माझ्या पोटात घालायचा, वायू दाबून भरायचा, तोंड बंद करायचं. कोळसा वायू पितो, तसा दाबाचा काटा उतरत जातो. जेवढा काटा उतरला, तेवढा वायू मावला.

(झडप बंद. कोळसा पितो आहे. थांबा.)

लेथवर काम करणाऱ्या एका काताऱ्याने मला पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलं, तेव्हा माझ्या अंगात तोंड बघता यायचं. पाहुणे आले की मला आधी दाखवत. पुढे गळ्यातलं रबरी वायसर झिजलं. थोडा वायू गळू लागला. गळतीनेही काटा उतरतोच. सूत्र मांडून न खोदलेल्या कोळशाचाही अंदाज सांगणारे सर म्हणाले, "म्हाताऱ्याची गळती वजा करा आणि पुढे चला." पुढे ती रीतच पडली. माझं कोणी ऐकायचं, तेही वजा करून.

(थांबा. अजून पितो आहे.)

मग नव्या थराचा कोळसा आला. माझ्यावर काम करणाऱ्या ताईंनी मोजलं, रीतीप्रमाणे वजा केलं. सरांच्या सूत्रातून उत्तर आलं: वायू कमी, खाणीत हवा खेळवणारे आहेत ते पंखे पुरतील. सोमवारी तिथे उतरणाऱ्या टोळीत ताईंचा नवरा होता.

ताई निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. गळती वाढली तर नाही ना, म्हणून त्यांनी माझ्या गळ्याला साबणाचा फेस फासला. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"मिस्त्री, हा गळत का नाही हो?" त्यांनी डागडुजी करणाऱ्या मिस्त्रींना विचारलं.

"कसा गळेल? मागेच नवीन वायसर घातलंय मी."

"आणि बोलला नाहीत?"

"बिघडलं की सांगतात, ताई. नीट झालेलं कोण सांगत बसतं?"

ताईंचा चेहरा उतरला. "अहो, आम्ही अजून वजा करतोय!"

सर हसत आले. माझ्यातला कोळसा काढून नुसता वायू भरला. काटा जागचा हलेना, तसं त्यांचं हसू मावळलं. त्यांनी स्वतः पुन्हा सगळं मोजलं, काहीही वजा न करता.

"पंखे पुरायचे नाहीत," ते म्हणाले. "सोमवारी कोणी उतरायचं नाही. मीच कळवतो."

संध्याकाळी नवरा ताईंना न्यायला आला. "तुझ्या या डबड्यापायी आमची अख्खी टोळी बसून राहणार!"

"बसा," ताई म्हणाल्या. "बसलेले परवडलात."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगणारच. पण निगा राखलीत तर तेवढं इतरांच्या कानावर घाला. नाहीतर आम्ही कधीच बरे झालेले असतो, आणि तुम्ही आमच्यातून वजा करतच राहता.

आता झडप उघडा. मलाही जरा श्वास सोडू द्या.